नाशिकचे जुने बंगले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शरणपूर रोड, त्र्यंबक रोड, जुना आग्रा रोड आणि देवळालीचा लॅम रोड इथे काही आवारांमध्ये अजूनही कौलारू, पसरट बंगले उभे आहेत. बहुतेक १९०० ते १९४० या काळातले. जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम करत असल्यामुळे त्यांच्याबद्दलचे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. मालक गळतीबद्दल विचारतात, आर्किटेक्चरचे विद्यार्थी शैलीबद्दल, आणि शेजारच्या सोसायटीतले लोक "हे अजून पाडलं कसं नाही?" असं विचारतात. या सगळ्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. हवा कुठून येईल आणि पाणी कुठून जाईल याचा हिशोब मांडून ही घरं बांधलेली आहेत. तो हिशोब कळला की शैलीही कळते आणि गळतीही थांबते.

वाडा आणि बंगला यांत फरक काय? दोन्ही जुनेच ना?

मोकळी जागा कुठे आहे ते बघा. गंगेकाठच्या (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात) जुन्या नाशकातला वाडा रस्त्याला भिडून उभा असतो. शेजारच्या वाड्याची आणि त्याची भिंत एकमेकींना लागून असते, आणि उजेड, हवा, पाऊस हे सगळं मधल्या चौकातून आत येतं. बंगल्याची मोकळी जागा बाहेर असते. आवाराच्या मध्यभागी घर, चारही बाजूंना खिडक्या आणि पुढे, कधी तीन बाजूंनीही, व्हरांडा. वाडा दोन-तीन मजले चढतो. बंगला बहुधा एकमजली, फार तर अर्ध्या भागावर माडी.

मूळ आराखडा इंग्रज अधिकाऱ्यांच्या सोयीचा होता: पुढे पोर्च, मधोमध दिवाणखाना आणि जेवणाची खोली, दोन्ही अंगांना झोपायच्या खोल्या. प्रत्येक झोपायच्या खोलीला न्हाणी असे, आणि भंगी व पाणक्या यांनी घरातून न येता परस्पर मागून यावं म्हणून न्हाणीला बाहेर उघडणारं दार असे. ते छोटं मागचं दार म्हणजे त्या काळची जातव्यवस्था भिंतीत बसवलेली आहे. दुरुस्तीत ते बुजवलं तरी कुठे होतं याची नोंद ठेवावी असं मला वाटतं. स्वयंपाकघर धूर आणि आगीच्या भीतीने वेगळं, मागे. त्याच रांगेत नोकरांच्या खोल्या आणि तबेला.

मराठी कुटुंबांनी बंगले बांधले तेव्हा त्यांनी हा आराखडा जसाच्या तसा घेतला नाही, आणि मला सगळ्यात जास्त रस इथेच वाटतो. पुढचा व्हरांडा राहिला, पण त्यात झोपाळा आला. जेवणाच्या खोलीचं माजघर झालं. सोवळ्याओवळ्यामुळे स्वयंपाकघर घराला जोडून घेतलं गेलं आणि त्याच्या शेजारी देवघर आलं. मागच्या अंगणात तुळशीवृंदावन, मोरी, बंब आणि धुणं धुवायचा दगड. दर्शनी बाजूने साहेबी वाटणाऱ्या घराच्या मागच्या अर्ध्या भागात वाडाच नांदत असतो.

नाशिकला हे बंगले नेमके याच काळात का झाले?

बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला. कलेक्टर, न्यायाधीश, पोलीस अधिकारी, इंजिनियर यांना राहायला जागा हवी होती. त्यांची वस्ती गावठाणाच्या पश्चिमेला, उंच आणि मोकळ्या जमिनीवर झाली. गोदावरीला पूर आला की जुनं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघतं. या बाजूला ती चिंता नव्हती. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खेळावरून गोल्फ क्लब म्हणून ओळखलं जाणारं मैदान इथलंच. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांचं नाव आज त्याच मैदानाला आहे.

दुसरं कारण प्लेग. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली आणि पाठोपाठ ती आपल्या भागातही पसरली. १८९९ मध्ये भगूरला सावरकरांचे वडील प्लेगनेच गेले. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, भिंतीतले उंदीर यांची धास्ती लोकांच्या मनात बसली. ऐपत असलेले वकील, डॉक्टर, सावकार, पेन्शनर हळूहळू गावाबाहेर जागा बघू लागले. खिडक्यांची संख्या, जमिनीपासून उचललेलं जोतं आणि घराभोवतीची मोकळी हवा ही त्यांच्यासाठी आरोग्याची बाब होती.

देवळालीची गोष्ट वेगळी. तिथे लष्करी छावणी होती आणि विलायतेतून येणारं-जाणारं सैन्य तिथे थांबत असे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंची, कोरडी हवा आणि मुंबईहून थेट रेल्वे, यामुळे पारशी, गुजराती, बोहरी कुटुंबांनी तिथे हवापालटासाठी बंगले आणि सॅनेटोरियम बांधली. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात मोकळी हवा हाच उपचार होता. म्हणून देवळालीचे व्हरांडे नाशिकपेक्षा रुंद असतात: तिथे खाटा टाकून दिवसभर पडून राहायचं असे. १९२५ मध्ये बार्न्स स्कूल देवळालीला आलं. त्याच सुमारास नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि अधिकाऱ्यांच्या घरांची आणखी एक पट्टी तयार झाली.

नकाशे कोणी काढले? एखाद्या मोठ्या आर्किटेक्टचं नाव मिळेल का?

बहुतेक घरांसाठी नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याचे ठरावीक नमुने होते. ते पाहिलेला ओव्हरसियर, अनुभवी मिस्त्री आणि स्वतःच्या मनात पक्कं चित्र असलेला मालक, या तिघांनी मिळून ही घरं उभी केली. नाव नाही म्हणून घराची किंमत कमी समजू नका.

आमचा बंगला नक्की किती जुना आहे? कौलावर १८६५ लिहिलंय.

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्याला जरा जागा देतो. १८६५ हे बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते साल. मंगळूरी कौलांवरचं साल बहुधा कारखान्याच्या स्थापनेचं असतं. ते घराचं नसतं आणि त्या कौलाचंही नसतं. पण कौलं दुसरी एक गोष्ट सांगतात. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनची मालमत्ता इंग्रज सरकारने ताब्यात घेतली आणि नंतर ती कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेली. त्यामुळे कौलावर 'कॉमनवेल्थ' असा ठसा असेल तर ते कौल महायुद्धानंतरचं. अर्थात कौलं मधल्या काळात बदललेली असू शकतात. छपराच्या एका पाख्यावर (उतारावर) तीन कारखान्यांची कौलं मी पाहिली आहेत. म्हणून एकाच पुराव्यावर विसंबू नका.

लोखंडी गर्डर असेल तर त्याच्या पोटावर टॉर्च तिरपा मारा. रंगाच्या थराखाली उठावदार अक्षरं दिसतात. विलायती कारखान्याचं नाव असेल तर ते लोखंड आयात केलेलं आहे. टाटांच्या साकचीच्या (आजच्या जमशेदपूरच्या) कारखान्यात पोलाद निघू लागलं १९१२ मध्ये, त्यामुळे टाटांचा ठसा त्यानंतरचा. सिमेंटचंही तसंच. पोरबंदरला देशी सिमेंटचं उत्पादन १९१४ मध्ये सुरू झालं, पण सर्रास वापर व्हायला तिशीचं दशक उजाडलं. भिंती चुन्याच्या आणि फक्त पोर्चवर काँक्रीटचा सपाट स्लॅब असेल तर पोर्च नंतर जोडलेला असण्याची शक्यता जास्त. जोड शोधायचा असेल तर पोर्च आणि भिंत जिथे भेटतात तिथली उभी केसासारखी भेग पाहा. दोन वेगळ्या वेळी बांधलेल्या गोष्टी एकमेकींपासून तिथेच सुटतात.

गोलाई दिलेले कोपरे, खिडक्यांवर आडवे पट्टे, जिन्याला जहाजासारखे कठडे दिसले तर घर तिशी-चाळिशीतलं, आर्ट डेको वळणाचं आहे.

कागदपत्रांत काय शोधायचं?

नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. त्यावर धारक कसकसे बदलले ते दिसतं. जमीन पूर्वी शेतीची असेल तर जुना सातबारा आणि फेरफार. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत आणि सूची. घरपट्टीच्या जुन्या पावत्या तर घरातच ट्रंकेत सापडतात, आणि आकारणी पहिल्यांदा कधी झाली यावरून बांधकामाचं साल बरंच जवळ येतं. घराच्या आजूबाजूचा काळ समजून घ्यायचा असेल तर १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर आणि १८४० पासूनचं आपलं सार्वजनिक वाचनालय ही दोन ठिकाणं सोडू नका. घरातले जुने फोटो तपासताना माणसांच्या मागे काय आहे ते पाहा. लग्नाच्या ग्रुप फोटोमागे व्हरांड्याची मूळ जाळी हमखास दिसते.

छत इतकं उंच आणि भिंती इतक्या जाड कशासाठी? वाया गेलेली जागा नाही का ही?

नाही. दीड-दोन फुटांची दगड-विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि ती उष्णता आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर बाहेर नाशिकची गार हवा सुटलेली असते, खिडक्या उघडल्या की घर निवतं. चौदा-पंधरा फुटांवरच्या छताखाली गरम हवा साचते आणि भिंतीच्या माथ्याजवळच्या झरोक्यांतून निघून जाते. माणसं खालच्या सात फुटांत राहतात. व्हरांडा भिंतीला ऊन लागू देत नाही आणि पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाची झड भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही.

हे झरोके बहुतेक घरांत काच लावून, नाहीतर पुठ्ठा ठोकून बंद केलेले असतात. "घर फार तापतं" अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी वर बघायला सांगतो. झरोके उघडा, कबुतरांसाठी बारीक जाळी लावा, आणि एक उन्हाळा बघा. त्यानंतर एसीचा विचार करा.

कौलं गळतात. काढून पत्रे टाकू, की सरळ स्लॅब?

स्लॅब अजिबात नको. चुन्यात बांधलेली भिंत आणि तिचा पाया कौलारू छपराच्या वजनाच्या हिशोबाने आहे. पत्रे टाकलेत तर पावसात बोलणं ऐकू येणार नाही आणि मे महिन्यात आत बसवणार नाही.

कौलं गळतात तेव्हा दोष बहुधा कौलांचा नसतो. आधी रिपा, म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या, बघा. रीप कुजून वाकली की तिच्यावरची कौलांची ओळ खाली बसते, कौलाची खाच पुढच्या कौलात नीट बसत नाही आणि पाणी आत शिरतं. दुसरी जागा म्हणजे दोन पाखी जिथे मिळतात ती पन्हळ. तिथला पत्रा गंजलेला असतो किंवा पाचोळ्याने तुंबलेला असतो. तिसरी, छपर भिंतीला टेकतं तो सांधा. या तीन जागा दुरुस्त केल्या की गळती बहुतेक थांबते.

एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण १५० मंगळूरी कौलं लागतात. काढलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर ते अजून अनेक वर्षं चालेल, बद्द वाजलं तर त्याला तडा आहे. चांगली कौलं एका पाख्यावर एकत्र करा आणि नवीन आणायची ती मागच्या पाख्यावर घाला. नव्या-जुन्या कौलांच्या मापात थोडा फरक असतो, त्यामुळे मिसळून घातलीत तर खाचा जुळत नाहीत. कौलांवरून थेट चालू देऊ नका. शिडी आडवी टाकून तिच्यावरून जायला सांगा. अंधाऱ्या खोलीवर दोन-चार काचेची कौलं बसवली तर दिवसा दिवा लागत नाही.

हे सगळं अक्षयतृतीयेच्या आसपास उरकायचं. जून लागला की चांगला कौलं चाळणारा माणूस मिळत नाही.

भिंतींना खालून ओल चढते. सिमेंटचं प्लास्टर केलं तरी पुन्हा येते. का?

सिमेंटचं प्लास्टर केलं *म्हणून* ती वर चढते. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

जमिनीतला ओलावा दगड-विटांमधून थोडाफार वर येतोच. या घरांत त्याला अडवणारा थर नसतो, कारण त्याची गरज नव्हती. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल हवेत उडून जात असे. सिमेंटचा थर घट्ट असतो. ओलीला बाहेर पडायला वाट मिळत नाही, मग ती आणखी वर चढते आणि जिथे सिमेंट संपतं तिथे फुटून निघते. मालक म्हणतो प्लास्टर आणखी दोन फूट वर न्या. पुढच्या पावसाळ्यात ओलही दोन फूट वर.

देवळालीच्या एका बंगल्यात आम्ही असं प्लास्टर काढलं. वरून एकही तडा नव्हता. छिन्नी लावताच पाटीएवढा पापुद्रा एकदम सुटला आणि त्याच्यामागून विटेची लाल भुकटी घरंगळत जमिनीवर आली. विटेचा दर्शनी बोटभर भाग उरलाच नव्हता. ओलीबरोबर येणारे क्षार प्लास्टरच्या मागे साचतात, त्यांचे स्फटिक होताना फुगतात आणि वीट आतून कुरतडतात. तुमच्या भिंतीवर बोटांच्या सांध्यांनी टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर आत हेच चाललेलं असू शकतं.

उपाय भिंतीच्या बाहेरून सुरू होतो. दर डांबरीकरणात रस्ता चढतो, मग आवारात भर पडते, मग तिच्यावर पेव्हर ब्लॉक बसतात. करता करता दोन-अडीच फूट उंच जोतं अर्धं जमिनीत गेलेलं असतं. भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी मोकळी करा, मूळ पातळीपर्यंत खणा, खडी भरा आणि उतार घरापासून बाहेरच्या दिशेला द्या. पन्हळीचं पाणी जोत्याशी न पडता लांब जाईल असं बघा. नळाची किंवा ड्रेनेजची गळती नाही ना ते तपासा. हे झालं की आतलं सिमेंट काढून भिंत एक उन्हाळाभर उघडी वाळू द्या आणि मग चुन्याचा गिलावा करा. रंगही चुन्याचाच. प्लास्टिक पेंट लावलात तर सगळी मेहनत फुकट.

घराखाली काळी माती असेल तर आणखी एक काळजी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तिरप्या भेगा पडतात. भेगेवर तारीख टाकून पातळ काचपट्टी चिकटवा. पट्टी वर्षभरात फुटली नाही तर भेग जुनी आणि थांबलेली आहे, चुन्याने भरून घ्या. फुटली तर स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

चुन्याचं काम करणारे मिस्त्री आज मिळतात का?

मिळतात, पण शोधावे लागतात. देवळं आणि वाडे यांच्या जीर्णोद्धारावर काम केलेला मिस्त्री विचारा. त्याला एकच प्रश्न विचारा: चुना किती दिवस मुरवणार? "आज भिजवू, उद्या लावू" असं उत्तर आलं तर त्याला नमस्कार करा.

पूर्वी दख्खनच्या काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे गोटे भाजून चुनकळी करत आणि बैलाने फिरवायच्या घाण्यात चुना, वाळू व विटेची भुकटी एकत्र दळत. आज चुनकळी बाजारात मिळते. ती हौदात भिजवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावी. भिजवताना पाणी उकळतं आणि उडतं, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. मग एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू आणि सुरखी (विटेची भुकटी). गुळाचं पाणी, बेलफळाचा गर हेही घालत असत. प्रत्येक मिस्त्रीचं प्रमाण वेगळं, आणि त्यावर तो वाद घालायला तयार असतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश कडक होत जातो, त्यामुळे घाई चालत नाही. थर पातळ द्या, प्रत्येक थर ओलसर राखा, भर उन्हात काम नको. दगडांमधल्या दर्जाही (सांध्यांच्या फटी) चुन्यानेच भरा.

रंगीत नक्षीच्या फरश्या विलायती आहेत की देशी?

सुटलेल्या फरशीची कड बघा. पूर्ण जाडी भाजलेल्या मातीची असेल तर ती भट्टीत भाजलेली, बहुधा विलायती. खाली करडं सिमेंट आणि वर काही मिलिमीटरचा रंगीत थर असेल तर ती दाबून केलेली सिमेंटची फरशी. ती भाजत नाहीत. पितळी साच्यात रंग ओतून दाब देतात आणि मग पाण्यात मुरवतात. मुंबईत भारत टाइल्सची सुरुवात १९२२ मध्ये झाली आणि स्वदेशीच्या त्या काळात अशा देशी फरश्या घरोघर पोहोचल्या. बाकीच्या खोल्यांत शहाबादी असते.

अ‍ॅसिडने धुऊ नका. रंगीत थर खाल्ला गेला की परत येत नाही. मशीनचं पॉलिश शक्यतो टाळा. साधं पाणी, सौम्य साबण आणि रोजचं ओलं फडकं पुरतं. चार फरश्या फुटल्या म्हणून सबंध खोलीवर व्हिट्रिफाइड चढवू नका. खाटेखालच्या किंवा कपाटाखालच्या अखंड फरश्या काढून मधे बसवा आणि कपाटाखाली शहाबादी घाला.

सागवानाला वाळवी लागते का?

जुन्या सागाच्या गाभ्याला सहसा नाही. या भागात साग डांग आणि सुरगाण्याच्या बाजूने येत असे आणि त्या जुन्या झाडांचं लाकूड घट्ट असतं. वाळवी लागते ती नंतर घातलेल्या हलक्या लाकडाला, आणि ओल्या भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकाला. टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई बदलू नका. चांगला सुतार कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा खाचेत बसवून देतो.

खिडक्यांच्या झडपांच्या मधोमध एक उभी दांडी असते. ती वर-खाली केली की सगळ्या झडपा एकदम फिरतात आणि ऊन अडवून वारा आत घेता येतो. रंगाच्या थरांनी ती घट्ट झालेली असते. रंग खरवडा, खिळे सैल करा, तेल घाला. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत अर्धीच खिडकी उघडते, शिवाय काच तापते.

नवीन बाथरूम आणि वायरिंग कसं करायचं?

पाण्याचे पाइप भिंतीत झिऱ्या पाडून नेऊ नका, बाहेरून न्या. नवीन संडास-बाथरूम शक्यतो मागच्या जुन्या न्हाणीच्या जागीच करा, कारण तिथे उतार आणि निचरा आहे. वायरिंग मात्र पूर्ण बदला. जुन्या लाकडी पट्टीतलं कापडी वेष्टणाचं वायरिंग दिसायला कितीही सुंदर असलं तरी तक्तपोशीखाली (फळ्यांच्या छताखाली) ते आगीला आमंत्रण आहे. काळे गोल बेकेलाइटचे स्विच शोभेला ठेवता येतील.

देवळालीतला बंगला घ्यायचा आहे. काय तपासू?

आधी तो कॅन्टोन्मेंट हद्दीत आहे की महापालिकेच्या, ते बघा. लॅम रोडवरून जाताना हद्द कुठे बदलते ते डोळ्यांना कळत नाही. कॅन्टोन्मेंटमधले अनेक बंगले 'ओल्ड ग्रँट'वर असतात: इमारत धारकाची, जमीन सरकारची. अशा मालमत्तेची विक्री, वापरातला बदल, वाढीव बांधकाम या सगळ्याला संरक्षण मालमत्ता कार्यालयाची आणि कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी लागते. विकणारा "होऊन जातं" म्हणाला तर थांबा. या विषयातला वकील गाठा आणि मगच बयाणा द्या.

हेरिटेज यादीत नाव गेलं तर घर हातचं जातं का?

जात नाही, मालकी तुमचीच राहते. २०२० च्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींची श्रेणी एक, दोन, तीन अशी विभागणी आहे. श्रेणी जितकी वरची तितकी बदलांवर बंधनं जास्त. तिसऱ्या श्रेणीत आतल्या बदलांना बरीच मोकळीक असते. लोक घाबरून यादीपासून पळतात आणि त्यात चांगली घरं जातात, याचं मला फार वाईट वाटतं. मालकाला खरा भार देखभालीच्या खर्चाचा असतो. त्यासाठी घराचा एखादा भाग कार्यालय, छोटं कॅफे किंवा होमस्टे म्हणून वापरता येतो का, हे महापालिकेत विचारून बघा.

भाडेकरू आहेत आणि दुरुस्ती कोणी करायची यावर वाद आहे.

भाडं १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळापासून गोठलेलं असेल तर हा वाद जवळजवळ ठरलेलाच. आता १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे आणि त्यात घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. पण महिन्याच्या भाड्यात कौलांची एक ओळही बदलत नाही, हेही खरं. जिथे काम झालेलं मी पाहिलं तिथे दोन्ही बाजूंनी छपराचा खर्च वाटून घेतला होता आणि तसं लेखी केलं होतं.

पाडायचंच ठरलं आहे. काही वाचवता येईल?

येईल, पण ठेकेदाराला ताबा देण्याच्या आधी. आर्किटेक्चर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना बोलावून घर मापून घ्या: तळनकाशा, दोन छेद, चारही दर्शनी बाजू, आणि खिडकीचा, कैचीचा (छपर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याचा), व्हरांड्याच्या खांबाचा मोठ्या प्रमाणातला तपशील. प्रत्येक खोलीचे फोटो चारही कोपऱ्यांतून काढा. ठेकेदार सगळा माल एकगठ्ठा मागतो. त्याला सरसकट देऊ नका. सागाच्या तुळया, दारं-खिडक्या, पितळी बिजागऱ्या, कौलं आणि नक्षीच्या फरश्या यांची वेगळी यादी करा आणि दुसरा बंगला दुरुस्त करणाऱ्याला आधी विचारा. त्याला हाच माल हवा असतो आणि नव्याने तो कुठेच मिळत नाही. विहीर बुजवू नका, नव्या इमारतीच्या पागोळीचं पाणी तिच्यात सोडा. जुना आंबा किंवा चिंच तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा नवा नकाशा झाड जागेवर धरूनच काढायला सांगा.

हे बंगले आतून बघायला मिळतात का?

बहुतेक खाजगी राहती घरं आहेत. फाटकातून फोटो काढू नका, आत जाऊन विचारा. सकाळी दहाच्या सुमाराला जा, आधी स्वतःची ओळख सांगा आणि घराबद्दल नेमकं काय बघायचं आहे ते सांगा. "तुमच्या खिडकीच्या झडपा बघायच्या आहेत" असं म्हटलं की आजोबा स्वतः उठून दाखवतात.